पाचवी धुनी

धुनीपिंपरी, ता. बीड
४ जानेवारी १९७३, येळवस (वेळ अमावस्या)

धोंडप्पा,

शरणार्थ. पत्रास कारण, थंडी.

अकरा वर्षांनी लिहितोय आणि पहिल्याच ओळीत हवेचं बोलतोय, म्हणून पत्र फाडू नकोस. आज पहाटे असं हिव पडलं होतं की रांजणाला हात लावला तर चटका बसावा. रांजण रिकामाच होता, ती गोष्ट वेगळी. मी घोंगडी पांघरली आणि सुभद्रेला न उठवता डोंगराची वाट धरली. येळवशीच्या पहाटे तुझे वडील जायचे, त्याच वाटेनं.

पहिली धुनी निघत होती. दगडाखालच्या फटीतून पांढरी वाफ, चिलमीतून निघावी तशी. दुसरी निघत होती, तिसरी निघत होती, चौथीही, जरा मंद. मी चौथीपाशी उकिडवा बसलो आणि तळहात शेकले. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझ्या सात-आठशे भाषणांचं काय झालं असतं, विचार कर.

गावातल्या नव्या पिढीला हे आता सांगावं लागतं. डोंगरापासून गावापर्यंत एका रेषेत पाच शेंदरी दगड. खाली गोसावी धुनी पेटवून बसलाय, म्हणून थंडीत धूर निघतो, असं आपले म्हातारे सांगायचे. मोजणीचा मान तुझ्या घराचा. तुझे वडील बारवेच्या काठी येऊन म्हणायचे, "पाच निघाल्या," आणि मग गाव आंबिलीचं मडकं घेऊन शेतात जायचं. एखादी निघाली नाही तर चार माणसं दोर बांधून खाली उतरायची, 'गोसाव्याचा गळा' साफ करायची, आणि त्यानंतर येळवस व्हायची.

जमिनीखाली गोसावी नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. आजही म्हणतो. सोसायटीसाठी चावडीपुढची जागा हवी होती आणि तिथे पाचवी धुनी होती. मी पहार मागवली, दगड उपटला आणि तिथे सोसायटीचा ओटा बांधला. तू सगळ्या गावादेखत म्हणालास, "उत्तरेश्वरा, धुनी बुजवलीस, बारव मरंल." मी म्हणालो, "बारव पावसानं भरते, गोसाव्यानं नाही." टाळ्या मला पडल्या. महिन्याभरात तू दुकान उचलून परळीला गेलास.

दोन वर्षांनी बारव आटली. ती पाऊस कमी झाल्यानं आटली, हे मी कागदोपत्री सिद्ध करू शकतो. ओट्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता मुद्दा. बीडच्या शाळेतले एक भूगोलाचे शिक्षक सापडलेत. त्यांचं म्हणणं, हे पाच दगड म्हणजे जुन्या भुयारी नहरीच्या उच्छ्वासांची, म्हणजे हवेच्या भोकांची, झाकणं. डोंगरातलं पाणी खालून बारवेत आणायची कुणा शहाण्यानं केलेली सोय. बाहेर कडाक्याची थंडी आणि खाली उबारा, म्हणून वाफ. येत्या शनिवार-रविवारी आम्ही आत उतरतोय. मी, ते शिक्षक आणि आपला बंकट वडार, ज्यानं तालुक्यातल्या निम्म्या विहिरी खांदल्यात आणि जो यंदा उसाला गेला नाही.

नहर चौथ्या धुनीनंतर ओढ्याकडे वळते, असं माझं ठाम मत आहे. गावाखाली ती येतच नाही. म्हणजे ओट्यानं काही बुजलं नाही. सुभद्रेला सांगून ठेवलंय, रविवारी बारा वाजता ओट्यावर मुसळ आपट, थांबू नकोस. आम्हाला खाली आवाज आला नाही, तर धोंडप्पा हरला.

तुझं म्हणणं खोटं ठरवायलाच मी आत चाललोय, असं समज. इतक्या थंडीत एवढी तसदी माणूस उगीच कुणासाठी घेत नाही.

उत्तरेश्वर


धुनीपिंपरी
८ जानेवारी १९७३

धोंडप्पा,

अंगावर अशी एक जागा नाही जी दुखत नाही. गुडघे सोललेत, कोपरं सोललीत, मान उजवीकडे वळत नाही. आणि मी सकाळपासून शीळ घालत हिंडतोय. सुभद्रा म्हणाली, "जखम डोक्याला तर न्हाई ना झाली?"

आधी एक कबुली. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते शिक्षक नाहीत, शिक्षिका आहेत. तुझी धाकटी बहीण नीला आहे. तुझ्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं तिनं मला बजावलं होतं, कारण तू तिला आमच्या उंबऱ्याची शपथ घातली आहेस. तिनं शपथ मोडलेली नाही. ती आमच्या घरी आलीच नाही, डोंगरावर आली. डोंगराचं काही ठरलं नव्हतं, असं तिचं म्हणणं, आणि त्यावर वाद घालणं मला जमलं नाही. आता सारं नीट पार पडलंय, तेव्हा सांगायची परवानगी तिनंच दिली.

शनिवारी सकाळी आठला ती पहिल्या धुनीपाशी उभी होती. बेचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या कवायत मास्तरांची खाकी विजार घालून, वर तुझा जुना स्वेटर. कोपरावर रफू असलेला हिरवा, मी ओळखला. बंकट खाली मान घालून उभा. ती म्हणाली, "बंकटदादा, लाज वाटत असंल तर वर थांबा. मी आन् भाऊ जातो." बंकट म्हणाला, "ताई, डोंगराला लाज न्हाई, आमाला कावून असावी? मी दोराची गाठ बघायलो."

बंकटनं आधी कंदील सोडला. चार पुरुष खोल गेला, विझला नाही. मग तो उतरला, मग नीला, मग मी. धोंडप्पा, मी लाख लाख माणसांपुढे उभा राहिलोय, पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात, निजामाच्या तुरुंगात चार महिने काढलेत. पण त्या भोकात पाय लोंबकळत सोडले तेव्हा माझी मांडी अशी थरथरत होती की बंकट खालून ओरडला, "भाऊ, दोर हलवू नगा." मी दोर हलवतच नव्हतो.

खाली ऊब होती. वर हाडं गोठत होती आणि खाली गोठ्यासारखा उबारा. नहर कमरेइतकी उंच, काही ठिकाणी तेवढीही नाही. पोटावर सरपटायचं, कंदील पुढे ढकलायचा, एक हात, मग दुसरा. तळाला चार बोटं पाणी. होय, पाणी. टँकर तिसऱ्या दिवशी येतो त्या गावाच्या डोक्यावर, डोंगरात, पाणी. आधी ते कोमट वाटलं. तासाभरात त्यानं अंगातली सगळी ऊब ओढून घेतली आणि दात वाजायला लागले. नीलाचे वाजत होते, माझे वाजत होते. बंकट म्हणाला, "तुमा दोगाच्या दाताचा भजनाचा फड लागायलाय."

एके ठिकाणी छत खाली आलेलं. श्वास सोडून छाती बारीक केली तरच माणूस पलीकडे जाईल, एवढीच फट. नीला गेली. बंकट गेला. मी अडकलो. पुढे जाता येईना, मागे येता येईना, तोंडासमोर ओला दगड. आणि काय झालं असेल? मी बोलायला लागलो. सवय. धीर देणारं काहीतरी, स्वतःलाच. पलीकडून नीला अगदी वर्गात म्हणावं तशी म्हणाली, "उत्तरेश्वरभाऊ, बोलायला छातीत हवा भरावी लागती. तुमी बोलतायसा म्हणून अडकलायसा. गप बसा, सुटतान."

गप्प बसलो. सुटलो.

तिसऱ्या धुनीतून बंकटच्या भावांनी आम्हाला वर ओढलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि ओल्या अंगावर डोंगराचा वारा आला. तसला गारठा मी जन्मात भोगला नाही. बोटं वळेनात, विजारीची नाडी सुटेना. शेकोटीपुढे बसून बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. यंदा सगळीकडे परदेशी तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी चालू आहेत, ही बाजरी बंकटच्या बायकोनं कुठून आणली ते तिनं सांगितलं नाही. रात्री तिथेच मेंढपाळाच्या पालात पडलो.

तू विचारशील, यात गंमत ती कसली. ज्या जिल्ह्यात माणसं पोटासाठी खडी फोडतायत, तिथे हौसेनं गुडघे फोडून घ्यायचे? मलाही हे पटलं नसतं. बर्फात, वाळवंटात, दोन्ही ध्रुवांवर गेलेल्या माणसांची पुस्तकं मी शेकड्यांनी वाचलीत आणि पोट भरलेल्यांचे चाळे म्हणून मिटून ठेवलीत. चूक होती. माणूस फक्त भाकरीसाठी वाकावा, ही कल्पनाच मुळात मालकांची आहे. ज्याला आयुष्यभर गरजेनं वाकवलं, त्यानं एकदा स्वतःच्या मर्जीनं, काय आहे ते बघायचं म्हणून वाकावं. त्याला आत जो आनंद होतो तो कुणाच्या बापाला हिरावता येत नाही. बंकट तीस वर्षं जमिनीत उतरतोय, दुसऱ्यांच्या विहिरींसाठी. शनिवारी पहिल्यांदा तो स्वतःसाठी उतरला. एका वळणावर कंदील वर धरून पाच मिनिटं नुसता टाकीचे घाव बघत बसला. म्हणाला, "ह्यो माणूस डावखोरा व्हता." तीनशे वर्षांपूर्वीचा कुणी पाथरवट, आणि बंकटला तो डावखुरा होता हे कळलं.

रविवारचं पुढच्या पत्रात लिहीन. मान दुखते.

उत्तरेश्वर


धुनीपिंपरी
९ जानेवारी १९७३

धोंडप्पा,

मान दुखत नव्हती.

रविवारी सकाळी दहाला आम्ही चौथ्या धुनीतून उतरलो. मी पुढे होतो, हट्टानं. ओढ्याकडचं वळण मला स्वतःला दाखवायचं होतं. शंभर हात गेलो. वळण आलं नाही. आणखी शंभर. नहर सुतासारखी सरळ, आता पुरुषभर उंच, गावाच्या दिशेनं. पाणी गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून छातीवर आलं. मी मनात कारणं जुळवत होतो, पुढच्या सभेसाठी. मग कंदिलाचा उजेड एका भिंतीवर पडला.

भिंत बांधलेली नव्हती. ढासळलेली होती. वरून पडलेले दगड, माती, विटांचे तुकडे, नहर गच्च बसलेली. पाणी तिला अडून तुंबलं होतं आणि बाजूच्या चिरांतून कुठे तरी मुरून जात होतं. किती वर्षं, ते तुला ठाऊक आहे.

आणि त्या ढिगात, माझ्या छातीच्या उंचीला, एक दगड होता. पाण्यात अकरा वर्षं राहूनही त्याच्या खोबणीत शेंदूर होता.

दगडाचं काय झालं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुलाही नाही. त्या दिवशी टाळ्या वाजून गाव पांगल्यावर तो उपटलेला दगड तिथेच पडून होता आणि बायका त्याला हात लावून जात होत्या. ते मला सहन झालं नाही. त्याखाली खोल भोक आहे हे मी पाहिलं होतं. थंडगार डोक्यानं मी दगड त्या भोकात लोटला आणि वर चार गाड्या मुरूम ओतायला लावला. नुसती फरशी टाकून ओटा बांधला असता तरी चाललं असतं, असं गवंडी म्हणाला होता. मीच म्हणालो, "बूज. कायमचं बूज."

मी दगडाला हात लावून उभा होतो. नीला दोन हातांवर होती, तिनं दगड ओळखला होता. लहानपणी येळवशीला तीच त्याला गंध लावायची.

तेवढ्यात वरून आवाज आला. धम्म. थोडं थांबून, धम्म. माती भुरभुरली आणि माझ्या डोक्यावर पडली.

बंकट वर बघून हळूच म्हणाला, "भाऊ, वैनी हायत."

बारा वाजले होते.

नीला हसायला लागली. आधी दाबून, मग दाबलं जाईना. मग बंकट. मग, धोंडप्पा, मीही. छातीभर पाण्यात, दात वाजतायत, डोक्यावर माझा स्वतःचा ओटा, त्यावर माझी स्वतःची बायको मी सांगितल्याप्रमाणे इमानानं मुसळ आपटतेय, आणि आम्ही तिघं हसतोय. सोसायटीच्या प्रत्येक सभेत त्या ओट्यावर उभा राहून मी पाण्यावर बोललो. पाटाचं पाणी, पाण्याचं समान वाटप, पाण्यावरचा हक्क. आणि पाणी चार पुरुष खाली, माझ्या टाचांच्या खाली, मुकाट्यानं ऐकत होतं.

बारव मी मारली. पाऊस कमी झाला नव्हता. ते आकडे मीच हवे तसे निवडले होते.

वर आलो तेव्हा सुभद्रेच्या हाताला फोड आले होते. म्हणाली, "आला का न्हाई आवाज?" मी म्हणालो, "आला." ती म्हणाली, "मंग धोंडप्पाभाऊजी जिकले म्हणा की," आणि मुसळ घेऊन घरात गेली.

हे मी तुला आधी लिहितोय. गावाला सांगायचं अजून बाकी आहे. उद्या सांगतो.

उत्तरेश्वर


धुनीपिंपरी
३ फेब्रुवारी १९७३

धोंडप्पा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांत एक कार्ड, त्यावर एक ओळ. पण तिच्याकडे शेवटी येतो, म्हणजे तू पत्र पुरं वाचशील.

दहा तारखेला सभा झाली. मी ओट्यावर चढलो नाही, खाली उभा राहिलो. मागच्यांना मी दिसेना, म्हणून तात्याबा ओरडला, "वर चढा की, का ओटा चावायलाय?" मी सांगितलं ते चार वाक्यांत सांगितलं. पाचवी धुनी मी बुजवली. बारव त्यामुळे आटली. धोंडप्पा खरं बोलला होता. ओटा उद्या फोडायचा. एवढंच. कुणी टाळी वाजवली नाही. चंद्रभागाबाई, आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "मला नऊ साल दोन कोस पाणी वाहायला लावलंस, मुडद्या." मग म्हणाल्या, "पहार हाय का घरात, का तीबी आणून देऊ?"

मला वाटलं होतं, गाव राजीनामा मागेल. मी लिहून खिशात ठेवला होता. गावानं पहारी आणल्या.

सोसायटीचे एकशे चाळीस सभासद. रस्त्याच्या कामावरून सुटले की पाळीपाळीनं येत. वीस-वीस जणांची टोळी, रहाट बंकटच्या हुकमात. पाणी एकदम सुटलं तर खालचा माणूस वाहून जाईल, म्हणून त्यानं आधी ढिगाच्या माथ्याला मनगटाएवढं भोक पाडलं आणि चार दिवस तेवढंच पाणी झिरपू दिलं. मी घाई करत होतो. तो म्हणाला, "भाऊ, तुमी बुजवताना घाई केलती. काढताना आमचं ऐका." सहकार हा शब्द मी वीस वर्षं वापरतोय. त्याचा अर्थ मला त्या रहाटापाशी घमेलं हातात धरून उभा असताना कळला, असं मी कुठल्याही व्यासपीठावर कबूल करीन. ओटा मात्र आता नाही, तेव्हा कबुली खालूनच.

नीला दर रविवारी येते. आता तिच्याबरोबर शाळेच्या दोन शिक्षिका येतात. एकीनं गेल्या खेपेस तिसरी ते चौथी पल्ला पार केला आणि वर येऊन अर्धा तास नुसती हसत होती. मी त्या फटीतून आता न अडकता जातो. श्वास सोडायचा आणि बोलायचं नाही, एवढीच युक्ती. या वयात शिकलो.

एकोणतीस तारखेला पाणी बारवेत आलं. लोंढा नाही. मनगटाएवढी धार. दिवस मावळेपर्यंत तळाच्या तीन पायऱ्या बुडाल्या. दुष्काळ हटला, असं मी म्हणणार नाही. टँकर अजून येतो, खडी अजून फुटते. पण रांजणात पाणी आहे. पहाटे त्याला हात लावला तर चटका बसतो.

दगड वर काढला, धुतला, होता तिथे भोकावर बसवला, खाली फट ठेवून. शेंदूर मी लावलेला नाही. कुणी लावला तर अडवणारही नाही. माझं मत बदललेलं नाही, खाली गोसावी नाही. खाली एका डावखुऱ्या माणसाचं काम आहे, आणि त्याची निगा राखायची रीत तुझ्या घरानं दहा पिढ्या चालवली. मी रीत वाचली नाही, फक्त शेंदूर वाचला. इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला हे शोभलं नाही.

आता तुझं कार्ड. "पाचवी चौथीच्या आधी निघते का मागून?" एवढंच लिहिलंयस. नाव नाही, सही नाही. पण अक्षर तुझ्या वडिलांच्या वळणाचं आहे.

नीलाला विचारलं. ती म्हणाली, वडील त्यावरून नहर पुरी साफ आहे की नाही ते सांगायचे, पण आधी बरं की मागून बरं, ते त्यांनी फक्त दादाला सांगितलंय.

काल पहाटे कडाक्याची थंडी होती. मी चौथी आणि पाचवी दोन्ही दिसतील अशा जागी घोंगडी पांघरून बसलो होतो. निम्मं गाव माझ्या मागे बसलं होतं. दोन्ही निघाल्या. कुठली आधी, ते मी डोळ्यांनी पाहिलं. चंद्रभागाबाईंनी विचारलं, "किती निघाल्या रं?" मी म्हणालो, "मोजणी धोंडप्पाच्या घरची. तो येऊन सांगेल." त्यांनी आंबिलीचं मडकं परत झाकून ठेवलं. यंदाची येळवस व्हायची राहिलीय, धोंडप्पा.

परळीहून सकाळची एसटी मांजरसुंब्याला दुपारी पोचते. पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, मी तिथे फाट्यावर उभा असेन. थंडी अजून आठ-दहा दिवस टिकेल, असं बंकट म्हणतो. स्वेटर आणू नकोस, तुझा नीलाकडे आहे. गुडघ्याला बांधायला जुनं धोतर मात्र आण.

कुठली आधी निघाली, ते मी लिहिणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असून मी गप्प बसलोय, असं जन्मात पहिल्यांदाच घडतंय. फार दिवस जमेल असं वाटत नाही. ये.

तुझा
उत्तरेश्वर